एकेचाळीस वह्या

नाशिक,
रविवार, ८ फेब्रुवारी २००९

ती. दादा,

तुला आणि मोहिनी वहिनीला माझा व तृप्तीचा नमस्कार. आभाला आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मंगळवारी मिळालं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. इंदूरची थंडी तुला मानवत नाही असं वहिनी म्हणत होती. तरी पहाटे गार पाणीच घेत असशील. लेकीकडे गीझर आहे, तो लाव. तिथे तुला कोणी बघत नाही.

इकडे ठीक आहे. अंबडला कंपनीत मंदीमुळे आठवड्यातून चारच दिवस काम असतं. माझ्या खात्यातली दोन माणसं कमी केली. मला अजून ठेवलंय, कारण जुनी यंत्रणा दुसऱ्या कुणाला कळत नाही. तृप्तीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं, तिचा घसा बसलाय.

मागच्या रविवारी पंचवटीत गेलो होतो. मालकांनी तुझ्या खालच्या खोलीला चुना दिलाय. पुराच्या पाण्याची रेघ आता दिसत नाही, फक्त दाराच्या मागे थोडा पिवळटपणा आहे. सावळीरामचं शिवणाचं दुकान पुन्हा सुरू झालं. चारही मशिनं चालतात. त्याची आई, लताबाई, बाहेर खुर्ची टाकून बसते आता. मला बघून म्हणाली, "गुरुजींनी पाठीवर घेऊन वर नेलं म्हणून मी हाय. कधी यायचे ते?" मी म्हटलं, येतील.

आता तू विचारलंस त्याबद्दल. खरगोनचे गेंदालालजी तुला इंदूरला येऊन भेटले, आणि यंदा पितृपक्षात वडिलांचं श्राद्ध रामकुंडावरच करायचं म्हणाले, हे वाचलं. त्यांना घराण्याची मागची नावं हवी आहेत आणि आपल्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या तर पुरात गेल्या. तू लिहितोस, "वह्या गेल्या तरी किशोरकडे सगळं आहे, हे त्यांना सांगितलं आहे. डिस्क उघडली का?"

दादा, डिस्क माझ्या कपाटात आहे. अडचण अशी की आपण पानं स्कॅन करून ज्या मशीनवर ठेवली ते अल्फा जातीचं होतं. कंपनीने ते २००४ सालीच भंगारात काढलं. साध्या संगणकाला ती डिस्क लावली की तो ती उघडत नाही. दोघांच्या मापांत फरक आहे. हे असं होतं, यात नवल काही नाही. आता तसली मशिनं फारशी उरलेली नाहीत. तनय म्हणून एक मुलगा आमच्याकडे काम करतो, तो पुण्याचा आहे, त्याच्या ओळखीत कुठे मिळतं का बघू म्हणाला. वेळ लागेल. यजमानांना पक्कं काही सांगू नकोस.

पुराच्या दिवशी तू फोनवर मला जे विचारलंस त्याचाही कार्डात उल्लेख आहे. "तू होतास म्हणून मी निर्धास्त होतो" असं लिहिलंयस. ते पुन्हा लिहू नकोस. आपण त्या दिवसाबद्दल न बोललेलंच बरं.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तृप्तीने तिच्यासाठी तेल पाठवायचं ठरवलंय.

तुझा,
किशोर


नाशिक,
रविवार, १७ मे २००९

दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. तू मालकांना श्रावणापासून खोली ठेवायला सांगितलीस म्हणाली. गेंदालालजींना आणि आणखी दोन घराण्यांना पितृपक्षाचा शब्द दिलास. नवीन धोतरजोडी घेतलीस. वहिनी हसत होती, म्हणाली, "पुरानंतर पहिल्यांदा ह्यांना जेवताना बोलताना पाहतेय."

मी फोन ठेवला आणि दिवसभर घराबाहेर राहिलो. आज लिहायला बसलोय. हे पत्र आभाला वाचायला देऊ नकोस, तूच वाच. सावकाश वाच.

नावं येणार नाहीत. डिस्कवर काही नाही. पुराच्या आधीपासून नाही, आणि हे मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की डिस्क कपाटात आहे, साधा संगणक ती उघडत नाही, मापांत फरक आहे. सगळं एकेकाळी खरं होतं, तनयचं तेवढं मी रचलं. ते मी अशा बेताने मांडलं की तुला वाटावं, योग्य मशीन मिळालं की काम झालं.

आता कसं झालं ते सांगतो. तुला संगणकातलं कळत नाही असं म्हणून मी आजवर पुष्कळ वेळा निसटलोय, म्हणून हे कळेल असंच सांगतो.

संगणकाच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. डिस्कवरचं काहीही वाचायचं तर तो ते उचलून आपल्या मेमरीत ठेवतो. मेमरीचे सारख्या मापाचे भाग केलेले असतात, त्या एकेका भागाला पान म्हणतात. त्यांच्यातही तोच शब्द आहे. अल्फाचं पान आठ केबीचं असतं, साध्या संगणकाचं चारचं. डिस्कही वापरण्याआधी आखावी लागते, तिचे तुकडे किती मोठे ठेवायचे ते आखणारा ठरवतो. २००० साली ती मी आखली. तू शेजारी बसला होतास, दर रविवारी एकेक वही सोवळ्यातल्या पंच्यात गुंडाळून अंबडला आणायचास. पानांची चित्रं मोठी होती, ती पटापट उघडावीत म्हणून मी आठ केबीचे तुकडे ठेवले. अल्फाला ते चालत होतं. चार ठेवले असते तर ती डिस्क कुठल्याही संगणकावर उघडली असती. मी फक्त वेगाचा विचार केला. ते मशीन कधी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू तेव्हा विचारलं होतंस, "दुसरी प्रत कुठे ठेवायची?" आपले नाना प्रत्येक जीर्ण वहीची नक्कल करताना दोन करायचे. मी हसलो होतो. म्हणालो होतो, दादा, ही कागदाची गोष्ट नाही.

अल्फा भंगारात गेलं तेव्हा डिस्क काढून घरी आणली. २००५ च्या दिवाळीनंतर घरच्या संगणकाला लावली. उघडेना. पडद्यावर आलं की डिस्कची मुख्य नोंद खराब असावी. मला वाटलं, स्कूटरच्या डिकीतून आणताना हादरे बसले. खरं कारण दुसऱ्या एका यादीत, कर्नलच्या निरोपांच्या, एका ओळीत लिहिलेलं होतं. तुकडा आठचा आहे, मला चारपेक्षा मोठा धरता येत नाही, एवढंच. डिस्क चांगली होती. कर्नलने तिला हात लावायला नकार दिला होता, इतकंच झालं होतं. ती यादी उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी बघितली नाही. मी पंधरा वर्षं हे काम करतो, मला कोण शिकवणार?

मी डिस्कची मुख्य नोंद नव्याने लिहायची आज्ञा दिली. ती लिहिली गेली चारच्या मापाने. मग दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. तो एकेक प्रश्न विचारत होता, हे चुकीचं दिसतं, सुधारू का? मी सगळ्याला हो म्हटलं. शेवटी शेवटी तर प्रश्न न विचारता सुधार असं सांगून मी जेवायला गेलो. तो चारच्या मापाने आठची डिस्क सुधारत होता. जेवून आलो तेव्हा अकरा हजार पानांपैकी एकही उघडत नव्हतं.

तरीही मला वाटत होतं की डिस्कवरचं आधीच हादऱ्यांनी खराब झालं होतं, माझा काय दोष. २००६ साली तनय नोकरीला लागला. बोलता बोलता त्याला हे सांगितलं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सर, डिस्कला काही झालंच नव्हतं. कुठल्याही अल्फाला लावली असती तर दोन मिनिटांत उघडली असती. पुण्यात आमच्या कॉलेजात तेव्हा एक चालू होतं."

दादा, हे मला जून २००६ मध्ये कळलं. गोदेला पूर आला तो सप्टेंबर २००८ मध्ये. मधली सव्वादोन वर्षं एकेचाळीसच्या एकेचाळीस वह्या तुझ्या खालच्या खोलीत कपाटात होत्या. धडधाकट. तुला सांगितलं असतं तर तू रागावला असतास, चार दिवस बोलला नसतास, आणि पाचव्या दिवशी पहिली वही पंच्यात गुंडाळून स्कूटरवर बसला असतास. मी तुला ओळखतो. पण दर वेळी घरी आलो की तू कुणा यजमानासमोर अभिमानाने म्हणायचास, "आता आमच्या वह्यांना वाळवी लागो की आग, आमच्या किशोरने सगळं संगणकात घातलंय." ते लोक माझ्याकडे वळून हात जोडायचे. मी ठरवायचो, गुपचूप पुन्हा स्कॅन करू, एकेक वही काही निमित्ताने मागून घेऊ. पहिली मागायचीच राहिली.

आणि आता तो फोन.

पितृपक्ष चालू होता. धरणातून पाणी सोडलं होतं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी अंबडला होतो. तुझ्यामागे लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. तू ओरडून बोलत होतास.

"किशोर, गल्लीत पाणी शिरलंय. मोहिनीला वर नेलं. सावळीराम गावाला गेलाय, लताबाई आत एकटीच आहे, तिला आणायला जातोय. वह्या खालीच आहेत. शेजारचा गेणू इथे उभा आहे, त्याला वह्या चढवायला सांगू, की सावळीरामची मशिनं? दोन्ही नाही व्हायचं. तुझ्याकडे सगळं आहे ना?"

मागून गेणूचा आवाज आला होता, "गुरुजी, कपाट उघडा, मी नेतो ना वह्या. लय पाणी हाय, लवकर सांगा."

मी म्हणालो, "हो. आहे."

तू गेणूला म्हणालास, "मशिनं ने. त्याचं पोट आहे त्यावर." मग फोन बंद झाला.

इतके महिने मी स्वतःला सांगत आलो की मी तसं म्हणालो कारण तू कपाटासाठी पाण्यात थांबू नयेस. तुझा जीव वाचावा म्हणून. तृप्तीलाही हेच सांगितलं. पण तुला कुठे थांबायचं होतं? गेणू उभा होता, तरणाताठा, दोन्ही हात मोकळे. मला एवढंच म्हणायचं होतं, "नाही, वह्या ने." तेवढं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का? ते मला नको होतं.

तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू गच्चीवर गठ्ठे वाळत घातले होतेस. नानांच्या हातचं, आजोबांच्या हातचं, सगळं चिखलाच्या विटांसारखं झालं होतं. तू सुरीच्या पात्याने पानं सोडवत होतास आणि ती लगदा होऊन हातात येत होती. मला बघून तू म्हणालास, "जाऊ दे रे. वाईट वाटतं, पण जाऊ दे. तू होतास म्हणून." मग महापालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये ते टाकायला मी तुला मदत केली.

खोली घेऊ नकोस. यजमानांना कळव. की मी कळवू? पत्ते मात्र माझ्याकडे नाहीत, तेही वह्यांतच होते.

मला क्षमा कर असं लिहीत नाही.

किशोर


नाशिक,
रविवार, २० सप्टेंबर २००९

दादा,

मेमधल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. जूनमध्ये वहिनीचा फोन आला होता. ती रडत नव्हती, नीट बोलली. तू पत्र दोनदा वाचलंस म्हणाली. मग संध्या केलीस. मग म्हणालास, "किशोरला कळव, माझं काही म्हणणं नाही." तिने विचारलं, म्हणजे काय? तर तू म्हणालास, "म्हणजे काही म्हणणं नाही." मालकांकडून कळलं की तू खोली सोडलीस. तिथे आता पूजासाहित्याचं गोदाम आहे.

एक गोष्ट मी मेमध्येही लिहिली नव्हती. डिस्कवर काही नाही असं लिहिलं, का नाही ते अर्धंच लिहिलं. दुरुस्तीने पानांचा ठावठिकाणा सगळा विस्कटला होता, पण पानं डिस्कवरच कुठे कुठे पडलेली होती. जाणकाराने तेव्हाच हात घातला असता तर अर्ध्याहून जास्त निघालं असतं, असं तनय म्हणतो. पण २००५ च्या डिसेंबरात मी ती डिस्क पुन्हा आखली आणि वापरायला घेतली. मोठी डिस्क होती, वाया का घालवायची, म्हणून. तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. तृप्तीच्या भावाच्या लग्नाची चित्रफीत भरली. तनयने विचारलं आणि डिस्क बरी होती असं सांगितलं, तेव्हाही गाणी तिच्यावरच होती. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. मी आणखी भरत गेलो.

जुलैत तनयने विस्कटलेल्या तुकड्यांतून चित्रं हुडकणारा प्रोग्रॅम त्या डिस्कवर चालवला. तीन दिवस चालला. सात पानं निघाली, तीही अर्धीच. चित्राचा वरचा भाग दिसतो, खाली करडं. आपल्या वह्यांत वर गाव आणि साल, खाली नावं. त्यामुळे गावं आली. बडवाह, शके १८०२. महेश्वर, शके १८३१. सनावद, साल वाचता येत नाही. खाली जिथे माणसं असायची तिथे काही नाही. सातही छापून या पत्राबरोबर पाठवतोय. टाकून दिलीस तरी चालेल.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तू गेंदालालजींना कळवलं नव्हतंस. कळवायला पत्ताच नसेल, किंवा तुझ्याने झालं नसेल. ते सर्वपित्रीला आले.

ते येतील असं मला वाटत होतं, म्हणून परवा रजा टाकून सकाळपासून रामकुंडापाशी उभा राहिलो. नवाच्या सुमारास आले, पांढरा फेटा, सोबत सून आणि मुलगा. सगळ्यांना विचारत होते, "बालाजी गुरुजी कहाँ बैठते हैं?" मी पुढे झालो. म्हणालो, मैं उनका भाई. त्यांनी माझ्या पाया पडायला हात खाली नेले. सत्तरीचा माणूस. मी त्यांना धरून पायरीवर बसवलं आणि सांगितलं.

सगळं सांगितलं, दादा. आठ आणि चारचं नाही, ते त्यांना काय सांगायचं. वह्या पुरात गेल्या, आणि संगणकात होतं ते मी माझ्या हाताने मिटवलं आणि भावाला दोन वर्षं सांगितलं नाही, असं सांगितलं. माझं हिंदी तुला ठाऊक आहे. सून म्हणाली, "बाबूजी, चलिए, दूसरे पंडित को देख लेते हैं."

दुसरे गुरुजी मिळाले. त्यांनी विचारलं, वडिलांचं नाव? त्यांनी सांगितलं. आजोबांचं? ते सांगितलं. पणजोबांचं? गेंदालालजींनी सुनेकडे, मग मुलाकडे पाहिलं. गुरुजींनी पुन्हा विचारलं. "मालूम नहीं," ते म्हणाले. मग नाव ठाऊक नसलं की जे म्हणायचं असतं ते गुरुजींनी म्हटलं. रांग मोठी होती, ते पुढे गेले. पिंड सोडताना गेंदालालजींचा हात थांबला, मुलाने मनगट धरून पुढे केला.

मी तिथेच थांबलो होतो. सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता रागावून बोलतील, बोलावंच त्यांनी. ते शांतपणे म्हणाले, "नाम तो ठीक है भैया, पीछे के लोग हैं, भगवान जानता है. मेरे पिताजी सन साठ में यहाँ आए थे. तुम्हारे पिताजी ने कलम दी, उन्होंने अपने हाथ से लिखा. खेत-मजूरी के आदमी थे, बस दस्तखत भर सीखे थे. घर में उनका लिखा एक कागज नहीं है. फोटो भी नहीं. मैं वो देखने आया था."

एवढं बोलून ते बसकडे गेले.

अकरा हजार पानं होती, दादा. त्यांतल्या प्रत्येकावर कुणाच्या ना कुणाच्या बापाचा हात होता. हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तू त्या पंच्यात गुंडाळून आणायचास. मला परवा घाटावर कळलं, त्या म्हाताऱ्याने सांगितल्यावर. मी इतके दिवस नावांचीच मोजदाद करत होतो.

पुढच्या वर्षी आणखी कुणी येतील. मी उभा राहीन. देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण त्यांना सांगायला कुणीतरी हवं.

तुझं काही म्हणणं नाही हे मला पोचलं.

मानशील तर तुझा भाऊ,
किशोर